वितळलेल्या नळ्या

हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही. आता तीही नाही — म्हणून तुम्हाला सांगतो.

इथे बालाघाटात लोक मला मान देतात. नागपूरच्या प्रयोगशाळेत मेंदूचं काम केलेला माणूस! परवा लालबर्र्याहून एक जण मुलीला घेऊन आला. तिला आवाज ऐकू येतात. म्हणाला, "काकाजी, तुमाले तं डोक्यातलं सारं समजते. डाक्टरची दवाई चालू ठेवू का?"

"डाक्टरचं आयक बाप्पा, मी तं कंपाउंडरबी नाही."

तो हसला. त्याला तो माझा विनय वाटला. या मानातून सुटून मी जाणार कुठे?

मी उंदरांचे मेंदू काढायचो. पांढऱ्या उंदरांना औषध देऊन स्किझोफ्रेनियासारखी लक्षणं आणायची आणि मग मेंदूच्या एका तुकड्यातलं डोपामाईन मोजायचं — असा एका मॅडमचा अभ्यास होता. त्या पुण्याच्या. तीन वर्षं त्यात घातलेली. बर्फावर मिनिटभरात तुकडा काढून, नळीत घालून डीप फ्रीझरमध्ये ठेवणं माझ्याकडे. तुकडा वितळला की डोपामाईन नासतं, आकडे खोटे येतात. माझा हात चुकत नाही, असं सगळे म्हणत. ते ऐकायची मला सवय झाली होती.

एका दुपारी फ्रीझरमध्ये दुसरा डबा शोधताना मी नळ्या बाहेर टेबलावर काढून ठेवल्या — आणि तशाच विसरून चहाला गेलो. गप्पा रंगल्या. परत आलो तर नळ्यांना घाम फुटलेला, आत तुकडे मऊ. मी काय केलं? नळ्या पुसल्या आणि पुन्हा फ्रीझरमध्ये ठेवल्या.

मशीनवर आकडे आले ते आधीच्यांशी जुळेनात. औषध दिलेले उंदीर, न दिलेले उंदीर — सगळे सारखेच. मॅडमनी विचारलं, "काका, नळ्या गोठलेल्याच होत्या ना?"

मी म्हणालो, "हौ."

आमच्याकडे 'हौ' म्हणजे दरवेळी होकार नसतो. 'ऐकतोय, बोला' असाही असतो. किती वर्षं मी या फटीत लपून बसलो! पुण्याच्या बाईला काय कळणार, मी तर नुसता हुंकार दिला... पण नाही. तो होकार होता. त्यांच्या डोळ्यांत बघून दिलेला.

मग वरच्या साहेबांना वाटलं, आधीचे आकडे या बाईनं मनानेच लिहिले. बोलावणी सुरू झाली. महिनाभरानं मॅडमनी माझ्या हातात एक पाकीट दिलं. "काका, एवढं वर देऊन याल? मला आता त्यांच्यासमोर जायचं नाही."

पाकीट चिकटवलेलं नव्हतं. जिन्यात थांबून मी ते वाचलं. 'औषधाच्या मात्रेत माझ्याच हातून गफलत झाली असावी, दुसरं कारण सापडत नाही, मी अभ्यास सोडते' — असं मॅडमनी लिहिलं होतं. दुसरं कारण त्यांना सापडणार कसं? मी जागा ठेवलीच कुठे होती?

कागदाची घडी होती तशी घातली. मग वर गेलो, आणि देऊन आलो.