दादांच्या जटा आणि रविवारचं तेल

आमच्या घरमालकीणबाईंच्या मुलाइतकी केसांची काळजी अख्ख्या बऱ्हाणपुरात कुणी घेतली नसेल, आणि त्यापायी आईच्या डोक्याला इतका ताप कुणी दिला नसेल. मी चंदगडकडची. आठवीत शाळा सुटली, आणि कामामागे फिरत फिरत इथल्या इतवारा मोहल्ल्यात ब्लाउज शिवायला आले. ह्या घरातली वरची खोली मिळाली तेव्हा इथली बोली अर्धी कळायची आणि भीती मात्र पुरती वाटायची. मालकीणबाईंना मी मावशी म्हणते, त्यांच्या मुलाला दादा. दादांचं ठिबकच्या नळ्यांचं दुकान आहे, गिऱ्हाईक सगळं केळीवालं.

जटांच्या आधी दादा म्हणजे चालतंबोलतं सलून. एक कंगवा खिशात, एक गाडीच्या डिकीत, एक दुकानाच्या गल्ल्यात. गिऱ्हाईक नळी मोजत असलं की हे काचेत भांग मोजायचे. आणि दर रविवारी सकाळी मावशी तेलाची वाटी कोमट करून ओट्यावर बसायच्या, तिशी ओलांडलेला हा बाप्या त्यांच्या पायाशी मांडी घालून डोळे मिटायचा. मग एकदा इंदूरच्या मित्राकडे गेले ते डोक्यावर जटा घेऊनच परतले. मित्रानं क्रोशाच्या सुईनं केस गुंतवून गुंतवून वळकट्या केल्या होत्या.

"अरे, हे काय करून आलास? किसीकी नजर लागली का तुला?" मावशी.

"आई, फॅशन आहे."

"फॅशन आहे तर निघत का नाही?"

त्या रविवारी दादांनी जाहीर केलं, "आता तेल बंद. तेलानं मुळं सैल पडतात, धूळ बसते." मावशी वाटी धरून तशाच बसल्या. मी पाणी भरायला खाली आले होते. त्या म्हणाल्या, "तू बस गं. गरम केलेलं तेल काय नालीत ओतू?" मी बसले. गाव सोडल्यापासून माझ्या डोक्याला कुणाचा हात लागला नव्हता. डोळ्यांत पाणी आलं, तेल गेलं म्हणून सांगितलं. त्या दिवसापासून रविवार माझा झाला, आणि दादांचे सगळे कंगवेही.

मला वाटलं, आता ह्यांची आंघोळ तरी लवकर उरकेल. कुठलं! पूर्वी शॅम्पू रोजचा होता, आता आठवड्यातून एकदा, पण तो दिवस सणासारखा. शॅम्पू पाण्यात पातळ करून फक्त मुळांना चोळायचा, मग एकेक जट गोधडीसारखी पिळायची. धुणं सोपं हो, वाळणं कठीण. आत ओल राहिली तर जटांना कुबट वास येतो, म्हणून दुपारपर्यंत गच्चीवर उन्हाला पाठ. एकदा आभाळ आलं तर दादांनी जटा कपड्यांच्या दोरीला चिमटे लावून टांगल्या आणि खाली स्टुलावर बसून फोनवर नळ्यांची ऑर्डर घेऊ लागले. शेजारच्या काकू गच्चीवरून ओरडल्या, "अहो भाभी, पोराले कपड्यांसंगच धुतलं का?"

कापसाच्या दिवसांत आणखी मजा. जिनिंगच्या कारखान्याजवळनं गेलं की उडता कापूस जटांत शिरायचा, मग रात्री जेवणं झाल्यावर चिमटा घेऊन वेचणी. मावशी म्हणायच्या, "दुसऱ्यांच्या शेतात कापूस होतो, आमच्या घरात डोक्यावर." उशीला घासून केस सुटू नयेत म्हणून मी त्यांना उरलेल्या अस्तराची साटीनची टोपी शिवून दिली. जांभळी होती. ती घालून दादा झोपायला निघाले की सर्कशीतला वजीर निघाल्यासारखं वाटायचं. आणि मुळाशी नवे केस वाढले की आरशापुढे सुई घेऊन बसायचे, हात पोचेना म्हणून मागची बाजू मला धरायला लावायचे.

दुकानात तर वेगळीच गंमत. जैनाबादकडचे एक आजोबा नळी घ्यायला आले, जटा पाहिल्या, चपला काढल्या आणि थेट पायाशी वाकले. "महाराज, औंदा केळीले भाव भेटीन का?"

दादा दचकून मागे सरकले. "बाबा, उठा! ह्या देवाच्या जटा नाहीत, सुईनं केल्यात. भाव मला कळला असता तर नळ्या विकत बसलो असतो का?"

आजोबांना ते भलतंच पटलं. "खरा महाराज असाच बोलते," म्हणाले, आणि काउंटरवर नारळ ठेवून गेले. त्या नारळाची चटणी आम्ही तिघांनी खाल्ली.

मग रावेरचं स्थळ आलं. मुलगी दादांना मनापासून आवडली. तिच्या घरच्यांची एकच अट, जटा नकोत. दादा दोन्हीकडून अडकले, आणि मी तर तिसरीकडूनच. जटा गेल्या की तेल परत सुरू होणार, म्हणजे माझा रविवार गेला. दादांनी विचारलं, "ताई, तुला काय वाटतं?"

"जटा शोभतात की तुम्हाला," मी म्हणाले. मावशींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गुपचूप मशीनवर जाऊन बसले.

शेवटी दादांनी माझीच ब्लाउजची कात्री मागितली. गुंतलेले केस उलगडत नाहीत, कापावेच लागतात. पहिली जट मावशींनी कापली आणि हातात तोलत राहिल्या. "एवढं ओझं रे! मान कशी दुखली नाही तुझी?" दादा हसले, पण कापताना सगळा वेळ डोळे मिटून होते.

पुढच्या रविवारी मी मुद्दाम खाली उतरले नाही. जिन्यातून कोमट तेलाचा वास वर आला. मी दार लोटून घेतलं आणि नसलेलं काम काढून बसले. तेवढ्यात मावशींची हाक आली.

"अगं ए, कुठं राहिलीस? ह्याचे केस बोटभर, तेल घातलं न घातलं तोच झालंसुद्धा! वाटी तशीच भरलेली आहे."

मागून दादा ओरडले, "ताई, ये लवकर, नाहीतर पुन्हा माझ्यावरच सुरू होईल ही!"

मी वेणी सोडतच जिना उतरले. दादा उठून गच्चीवर गेले आणि सवयीनं उन्हाला पाठ करून बसले. वाळवायला आता काहीच नव्हतं. तरी बराच वेळ बसले होते.