अठरा खोल्या, दिवसातून दोनदा

“दादा, क्रूझवर नोकरी कशी मिळते?” आठवड्यातून दोघं-तिघं तरी या ब्लॉगवर विचारतात. फॉर्म कुठे भरायचा ते मी सांगतो, पुढचं टाळतो. आज पुढचंही सांगतो, कारण आता लपवण्यासारखं काही उरलं नाही.

घर नाशिकला लागून, मखमलाबादला. आप्पा म्हणजे माझे वडील गुलाब आणि झेंडू पिकवतात, फूलबाजारात स्वतः नेऊन विकतात. पोरगा बोटीवर साहेब आहे, असं त्यांनी अख्ख्या बाजाराला सांगून ठेवलं होतं. मी फक्त ‘हॉस्पिटॅलिटी’ म्हणालो होतो. बाकीचं त्यांनी लावून घेतलं आणि मी लावू दिलं. खरं म्हणजे मी अठरा केबिन आवरतो, संडासासकट.

सात महिन्यांचा करार संपवून आलो तेव्हा मला फक्त झोपायचं होतं. पण आप्पांनी धोशाच लावला, “एकदा तुझी बोट दाखव.” शेवटी मुंबईहून तीन रात्रींची गोव्याची सहल ठरवली, मुद्दाम दुसऱ्या कंपनीची, आप्पांना ते न सांगता. ओळखीचं कुणी भेटलं असतं तर बिंग फुटलं असतं.

पहाटे गाडी करून निघालो. घोटीला चहा झाला, कसारा घाट उतरलो आणि भिवंडीच्या ट्रकांमध्ये दोन तास अडकलो. तुम्ही जाणार असाल तर दुपारच्या बोर्डिंगसाठीही नाशिक पाचलाच सोडा. आधार कार्ड हाताशी ठेवा. घरचं खाणं बोटीवर नेऊ देत नाहीत. आईचा चिवड्याचा डबा ड्रायव्हरबरोबर परत गेला आणि ती संध्याकाळपर्यंत धुसफुसत होती. खिडकी नसलेली केबिन स्वस्त पडते. आम्हा तिघांना ती पासष्ट हजारांत मिळाली.

जहाज बघून आप्पा हरखले. लिफ्टची चकाकणारी दारं, जिना, पाच तऱ्हेच्या हलव्याची ताटं.

“अन् तुझं टेबल कुठं असतं?” त्यांनी विचारलं.

“आत असतं, आप्पा. तिकडे पाहुण्यांना सोडत नाहीत.”

रात्री गादीवर पडलो, पण डोळा लागेना. चादरीचा कोपरा चुकीचा दुमडलाय, एवढंच दिसत होतं. पैसे मोजून आलेला पाहुणा होतो मी, पण अंगाला ते कुठे ठाऊक?

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा आणि मी नाश्त्याला निघालो. जहाजावर पहिल्याच आठवड्यात शिकवतात की पाहुणा समोरून आला की पाठ भिंतीला लावायची, वाट द्यायची, हसून गुड मॉर्निंग म्हणायचं. समोरून एक बाई आल्या. माझी पाठ आपोआप भिंतीला लागली आणि तोंडातून गुड मॉर्निंग निघालं.

“भैया, दो टॉवेल दे देना, सात सौ चौदह में,” त्या म्हणाल्या.

“येस मॅडम, राइट अवे.”

पुढच्या दारापाशी सफाईची ट्रॉली उभी होती. मी तिच्यातून दोन टॉवेल उचलले, बाईंच्या हातात दिले, एन्जॉय युवर डे म्हणालो. मागे वळलो तर आप्पा.

“ती बाई तुला वळखते?”

“नाही.”

“मग तुलाच का मागितला टॉवेल?”

मी ट्रॉलीवरचे टॉवेल सरळ करू लागलो.

“अन् तू का दिला?”

लाज वाटली, अगदी कानापर्यंत तापलो. मग तिथेच, सातशे चौदाच्या दाराशी, सगळं सांगून टाकलं. आप्पा नाश्ता सोडून वर डेकवर जाऊन बसले.

आईला सांगितलं तर ती म्हणाली, “मला पहिल्या सुट्टीलाच कळलं व्हतं. न्हाणी अशी घासली तू, मला बी कधी जमली नाय.”

तिसऱ्या दिवशी गोवा. सगळं जहाज उतरलं, आईसुद्धा एका नाशिककर बाईंबरोबर देवळं बघायला गेली. आप्पा मात्र कॉरिडॉरमध्ये हाताची घडी घालून उभे राहिले. मेघालयातली मेरी नावाची बाई आमच्या कॉरिडॉरमधल्या केबिन आवरायची. तिचं वाकणं, गादी उचलणं, बादली ओढणं ते दुपारपर्यंत बघत होते. तिला वाटलं काही तक्रार आहे. मी समजूत घातली.

जेवताना आप्पांनी विषय काढला.

“तुला किती खोल्या?”

“अठरा.”

“रोज?”

“दिवसातून दोनदा. सकाळी आणि संध्याकाळी.”

“अन् सुट्टी?”

“करार संपेपर्यंत नाही.”

“बैलाला पोळ्याला तरी सोडत्यात,” ते म्हणाले आणि भात कालवत राहिले.

शेवटच्या सकाळी जाग आली तर आप्पा बेसिन पुसत होते. पलंगावरची चादर चुरगळत का होईना, ओढून ठेवली होती. ज्या माणसाने आयुष्यात स्वतःची गोधडी उचलली नाही, तो ओले टॉवेल एका ढिगात घालत होता. “त्या बाईची एक खोली कमी,” एवढंच म्हणाले. खरं तर जाताना सगळ्याच चादरी बदलतात, मेरीचं काम काही कमी होणार नव्हतं. मी ते सांगितलं नाही.

परतीला घाटात पाऊण तास मोडला. घराच्या फाटकात भास्करकाका, आमचे शेजारी, वाटच बघत होते.

“काय आप्पा, कशी हाय साहेबाची बोट?”

आप्पांनी सावकाश चपला काढल्या.

“बोट लय मोठी. पण ह्यो साहेब नाय. अठरा खोल्या आवरतो, दिवसातून दोनदा. एकटा.” मग काकांनाच विचारलं, “तुला जमंल का?”



तर, विचारणाऱ्यांनो, नोकरी अशी असते. पगार वेळेवर होतो, समुद्र मात्र कॉरिडॉरच्या टोकाच्या खिडकीतून दिसेल तेवढाच. जायचं तर जा, पण घरी खरं सांगून जा. पुढच्या कराराचं पत्र माझ्या मेलमध्ये पडून आहे. मी अजून उत्तर दिलेलं नाही.

घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी सवयीने साडेपाचलाच डोळे उघडले आणि मी उठून चादर ओढायला लागलो. आप्पा बाजाराला निघाले होते, टोपी घालता घालता दारात थांबले. आत आले, माझ्या हातातून चादर घेतली आणि मला खांद्याला धरून पुन्हा गादीवर बसवलं.

“झोप अजून. ही खोली माझ्याकडं हाय.”