विहिरीकडची ओळ

आमच्या पानमळ्यात चपला घालून कुणी जायचं नाही, हा घरचा नियम. मळ्याच्या तोंडाशी चपला काढायच्या, पाय धुवायचे आणि मग आत. नाहीतर वेल रुसते म्हणत. लहानपणी मला हा नियम कधी जाचला नाही, कारण चपलाच नव्हत्या.

विड्याच्या पानांची वेल वर्षातून एकदा उतरवावी लागते. आधाराच्या झाडावर चढत ती शेंड्याला पोचली की पानं बारीक येऊ लागतात. मग खालची पानं खुडायची, वेल झाडापासून अलगद सोडवायची, उघडा दांडा बुंध्याशी मातीत गुंडाळून पुरायचा आणि शेंडा केळीच्या सोपटाने, म्हणजे खोडाच्या वाळक्या सालीने, पुन्हा झाडाला बांधायचा. वेल नव्याने चढू लागते. या कामाला दोन माणसं लागतात, एक शिडीवर सोडवायला आणि एक खाली गुंडाळायला. बाबा वर आणि मी खाली, ही जोडी मी बारा वर्षांचा असल्यापासूनची. दिवसभरात आम्ही जेमतेम दहा वाक्यं बोलत असू. वेल किती सैल सुटली, हे त्यांच्या हाताकडून माझ्या हाताला आपसूक कळायचं.

सत्तरचं दशक सरता सरता मी इतरांची पानंही विकायला घेऊ लागलो. आधी आमच्या आळीतली, मग शेजारच्या गावांतली, निर्मळची, आगाशीची. करंडे भरून स्टेशनावर, तिथून मुंबईला, पुढे गुजरातेत. धंदा वाढला. फोन आला, टेम्पो आला, मळ्यात सहा गडी आले आणि मी मळ्यातून बाहेर आलो. लोक शेठ म्हणू लागले. खोटं कशाला बोलू, ऐकायला बरं वाटायचं.

वेली उतरवायचं कामही गड्यांकडे गेलं. बाबांनी एवढंच सांगितलं की विहिरीकडची पहिली ओळ गड्यांनी उतरवायची नाही. ती त्यांच्या आईने लावलेली, ती आपण दोघांनीच उतरवायची. मी हो म्हणालो आणि दोन वर्षं शब्द पाळला. तिसऱ्या वर्षी लग्नसराईची मागणी आली, म्हणून सोमवारी करू म्हणालो. सोमवारी टेम्पो बिघडला, मग पुढचा सोमवार ठरला, तोही गेला. गड्यांनी बाकीचा मळा उतरवला, शिमगा झाला आणि ती एकच ओळ शेंड्यावरून खाली लोंबत राहिली. बाबांनी मला एकदाही आठवण करून दिली नाही. ते रोज सकाळी शिडी नेऊन तिथे टेकवतात आणि संध्याकाळी उचलून ठेवतात, हे मला आईने सांगितलं. मी ऐकलं आणि फोन वाजला म्हणून उठलो.

शेवटी एका सकाळी गेलो. चपला काढल्या, पाय धुतले. आत चार पावलं टाकली आणि तळव्यांना खडे टोचू लागले. ज्या मातीत मी आयुष्यभर अनवाणी पळालो होतो तिथे अंग चोरून चालत होतो. बाबांनी शिडीवरून ते पाहिलं आणि नजर वळवली.

आम्ही सुरुवात केली. अकराला टेम्पो निघायचा होता आणि माझं अर्धं लक्ष रस्त्याकडे होतं. वरून वेल पुरती सुटायच्या आत मी ती ओढली. तिसरी वेल मोडली. मग पाचवी. वरचा हिरवा शेंडा बाबांच्या हातात राहिला.

ते चिडले असते तर किती बरं झालं असतं. ते खाली उतरले, तो तुकडा बुंध्याशी ठेवला आणि पलीकडच्या ओळीतल्या एका गड्याला हाक मारली. पूर्वेकडच्या पाड्यावरचा, माझ्याच वयाचा माणूस. तीन वर्षं आमच्याकडे होता.

"तू बस खाली," बाबा त्याला म्हणाले. मग माझ्याकडे वळले आणि अगदी मायेने म्हणाले, "तू जा. तुझी गाडी खोळंबली असंल. हे आता तुझं काम नाय."

गडी अवघडून माझ्याकडे पाहत राहिला. मी उठलो तेव्हा कुठे तो माझ्या जागेवर बसला. वरून वेल सुटू लागली, खाली गुंडाळली जाऊ लागली आणि थोड्याच वेळात त्या दोघांना बोलायची गरज उरली नाही. मला त्या माणसाचा इतका हेवा वाटला की माझीच मला लाज वाटली. मी मळ्याच्या तोंडाशी उभा राहून ओळ संपेपर्यंत पाहिलं. टेम्पो माझ्याविना वेळेवर निघून गेला होता. तिथेही माझ्यावाचून काही अडलं नव्हतं.

बाबा त्यानंतर चार वर्षं जगले आणि चारही वर्षं ती ओळ त्या दोघांनीच उतरवली. दर वर्षी त्या दिवशी मी कामं बाजूला ठेवायचो, मळ्याशी जाऊन चपला काढायचो, पाय धुऊन उभा राहायचो. बाबांनी कधी हाक मारली नाही, आणि मी येऊ का, असं विचारायचं धाडस मला कधी झालं नाही.