लाखाचे नव्वद हजार झाले, तरी नफ्यात वाटा?

मंडळी, डोकं अजून तापलेलं आहे. कॉलेज सोडून कमावलेले लाख रुपये मी इंदिरानगरच्या सागरदादाकडे ट्रेडिंगला दिले. नफ्यातले तीस टक्के त्याचे, असं ठरलं. पहिल्या महिन्यात ऐंशी हजार उरले, या महिन्यात नव्वद झाले.

आज तो म्हणाला, "दहा हजार नफा झाला. माझे तीन हजार टाक."

"दादा, माझे लाख अजून भरले कुठे?"

"हिशोब महिन्याचा असतो. कॉलेज पूर्ण केलं असतंस तर कळलं असतं."

मी भांडायला उठलो, तेवढ्यात त्याची बहीण चहा घेऊन आली. तिच्यासाठीच तर त्या घरात जातो. मुकाट्याने पैसे पाठवले.

निघताना ती दारात हळूच म्हणाली, "तुझं बरोबर होतं ना? मग गप्प का बसलास?"

उद्या ते तीन हजार परत मागायला जातोय. त्याआधी सांगा, नफा महिन्याचा धरायचा की दिलेल्या पैशांवरचा?