रस्त्याकडची भिंत

माझी बायको डोंगरउतारावर घरं बांधते आणि मी तिची गाडी चालवतो. ती आर्किटेक्ट, मी गणिताचा निवृत्त मास्तर. चढावर गाडी मागे घ्यायची म्हटलं की मला घाम फुटतो. हे आमच्या ओळखीतल्या सगळ्यांना ठाऊक आहे, कारण तीच सगळ्यांना सांगते.

उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांतली ती नव्हे. जागा हातात आली की तिथे काठ्या रोवते, त्यांना जुन्या कापडाच्या चिंध्या बांधते आणि मधोमध घडीची खुर्ची टाकून बसते. वारा कुठून येतो, ऊन कुठे रेंगाळतं, पावसाचं पाणी कुठून वाहतं, हे सगळ्या ऋतूंत बघितल्याशिवाय कागदावर रेघ मारत नाही. गवंडी तिला पाठीमागे 'चिंधीबाई' म्हणतात. तिला ते आवडतं, पण कबूल करणार नाही.

एका इंजिनिअरने आपल्या वडिलांसाठी असाच उतारावर एक बंगला बांधायला सांगितला. वडील जन्मभर बस चालवून निवृत्त झालेले, आता एकटे, छातीने नाजूक. "हवा मानवली तर उत्तमच," मुलगा म्हणाला, "नाहीतर बंगला विकून त्यांना माझ्याकडे परदेशात नेतो." म्हातारबुवांना तिकडे जायचं नव्हतं. "तिथं मला साधा रस्ता ओलांडायची भीती वाटते," असं त्यांनी मला हळूच सांगितलं.

घर झालं ते खरंच देखणं. उतारावर पायरीपायरीने टेकलेलं, तिथल्याच दगडातलं, एकही झाड न तोडता. भर उन्हाळ्यातही पंखा लावायची गरज पडत नसे. खोल्यांची तोंडं दरीकडे. रस्त्याच्या बाजूने बोचरा वारा यायचा, म्हणून तिकडे सलग जाड भिंत. खिडकी सोडाच, साधा झरोकासुद्धा नाही. त्या भिंतीचं तिला इतकं कौतुक की येईल त्या पाहुण्याला आधी तीच दाखवायची.

हिवाळा लागला आणि मुलाचा फोन आला. "बाबांचा खोकला थांबत नाही. दिवसभर बाहेर वाऱ्यात बसतात. घर काही मानवलं नाही, मी विकायला काढतोय."

दुसऱ्याच दिवशी आम्ही गेलो. म्हातारबुवा मफलर गुंडाळून भिंतीबाहेर स्टुलावर बसले होते, तोंड रस्त्याकडे. मी गाडी मागे घेताना आडवीतिडवी घालू लागलो तसे ते खोकत उठले आणि मागे जाऊन त्यांनी डिकीवर थाप मारली. "येऊ द्या, येऊ द्या... डावीकडं मारा. बास." आयुष्यात पहिल्यांदा माझी गाडी सरळ लागली.

"काका, आत का नाही बसत?" बायकोने विचारलं.

"आत दरी आहे ना, बाई. छान आहे. पण दरीतून कोण येतंय?"

ती त्यांच्याशेजारी पायरीवर बसली. दुधाची गाडी गेली, शाळेची बस गेली. "क्लच गेलाय तिचा," म्हातारबुवा म्हणाले आणि चेहरा उजळला.

परतताना अर्ध्या वाटेत बाईसाहेबांनी डोळे पुसले. "अख्खं वर्ष मी त्या खुर्चीत बसले. त्यांना एकदाही बसवलं नाही. चिंध्यांना विचारलं, माणसाला विचारायचं राहिलं." मला तिची फार कणव आली. एरवी टोमणा मारायची संधी मी सोडत नाही, पण त्या दिवशी सोडली.

मुलाला तिने थोडी मुदत मागितली आणि आपली लाडकी भिंत स्वतः उभी राहून फोडून घेतली. "चिंधीबाईच्या भिंतीला भोक!" गवंड्यांना आयतंच निमित्त मिळालं. तिथे न उघडणारी, जाड काचेची रुंद खिडकी बसली. वारा काचेवर येऊ नये म्हणून बाहेर बाजूला दगडाची आडभिंत. खिडकीखाली बसायला ओटा.

आम्ही पुन्हा गेलो तेव्हा म्हातारबुवा ओट्यावर होते, अंगावर मफलरही नव्हता. खोकला बराच कमी झाला होता. मुलाने विकायची गोष्ट पुन्हा काढली नव्हती.

निघताना मी गाडी मागे घेऊ लागलो. काचेमुळे आवाज येत नव्हता, पण आत म्हातारबुवांचा हात हलत होता: येऊ द्या, येऊ द्या, डावीकडं, बास. गाडी झकास वळली. मी पहिला गिअर टाकला.

"थांब," बायको खिडकीतल्या म्हातारबुवांकडे बघत म्हणाली. "पुन्हा एकदा मागे घे."

मी नीट वळलेली गाडी वाकडी केली आणि पुन्हा मागे घेतली.