उसना आणलेला पांढरा कापूस

माह्याएवढा हुशार माणूस अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात नसन! खोटं वाटते? मग कप खाली ठेवा अन् ऐका, नाई तं चहा सांडन.

घाटंजीत आपली छोटी जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी काढाची गिरणी. बोंडअळीची ती सालं. गाडीतून उतरे ती सारी कवडी, म्हणजे अळीनं खाल्लेला, पिवळा पडलेला, आखडलेला कापूस. रुई कमी, कचराच जास्त! अजून एक हंगाम असा गेला असता तं जिनिंगले कुलूपच लागलं असतं.

अशात पुण्याच्या एका कंपनीचा फोन आला. "आम्ही नवं मशीन काढलंय. ते चालवून पाहायला, पुढं सोबत काम करायला जिनिंगवाला भागीदार शोधतोय. बुधवारी येतो."

झालं! मले वाटलं, पाहुणे पोरगी पाहाले येऊन राह्यले. मग घर सजवा लागते का नाई? सारी कवडी मागच्या शेडात ढकलली, वरून ताडपत्री. अन् शेजारच्या जिनिंगवाल्या गुलाबभाऊचा होता-नव्हता तेवढा पांढरा कापूस उसना आणला.

बायको म्हणे, "अवो, त्याईले काय पाहिजे ते तं विचारा!"

"तुले काय समजते? पाहुण्याले कोणी गळकं छप्पर दाखवते काय?"

दोन साहेब आले. कापूस हातात घेतला, एकमेकाकडं पाह्यलं.

"कवडी येत नाही का तुमच्याकडे?"

"छ्या! नावच नाई, साहेब!"

"मग त्या ताडपत्रीखाली?"

"सोयाबीन!"

चिवडा खाऊ घातला, चहा पाजला. साहेब उठले. "छान आहे हो तुमचं. पण आमचं मशीन कवडीच साफ करतं. तुम्हाला काय उपयोग?"

आता कोणत्या तोंडानं ताडपत्री उचलू? रडू यायचंच बाकी होतं.

तेवढ्यात साहेबाईनं कुंपणापल्याड पाह्यलं. गुलाबभाऊचा पांढरा कापूस माह्याकडं, म्हणून त्याच्या आवारात उरली होती निव्वळ कवडी. ढिगारेच्या ढिगारे! साहेब तं पळतच गेले न बाप्पा!

मशीन गुलाबभाऊकडं बसलं. तो पेढे घेऊन माह्याकडं आला. "तुमचे लय उपकार, भाऊ! तुम्ही कापूस नेला नसता तं मले कोणी विचारलं असतं? आता मशीनले कवडी कमी पडून राह्यली. तुमच्याकडं असन का थोडी?"

मी तोंड उघडायच्या आत बायको आतून ओरडली, "आमच्याकडं कुठची कवडी, भाऊजी? ताडपत्रीखाली सोयाबीन हाये, पाहिजे तेवढं न्या!"