सड्यावरच्या स्टेडियमची भानगड

आमच्या गावात दीड वर्ष एका फुटबॉल स्टेडियमवरून भांडण चाललं होतं. आता कोणी पाहुणा आला आणि त्याने सहज विचारलं, "काय झालं हो शेवटी त्या स्टेडियमचं?" की उत्तर राहतं बाजूला आणि किस्सेच सुरू होतात. एक सांगावा तर त्याच्या मागून दुसरा आठवतो. चहा गार होतो, पाहुण्याची एसटी चुकते. माझ्याकडे तर सगळ्यात जास्त किस्से! कारण एसटी स्टॉपसमोरचं झेरॉक्स-टायपिंगचं दुकान माझं. विरोधकांची निवेदनं मीच टाइप केली, समर्थकांचीही मीच. दोघांचा फॉन्ट एक, चुकाही त्याच!

आधी भानगड काय होती ते सांगते. आमचं गाव रत्नागिरीपासून रिक्षाने अर्ध्या तासावर. गावाच्या डोक्यावर सडा आहे, म्हणजे जांभ्या दगडाचं उघडंबोडकं पठार. जिल्ह्यात फुटबॉल स्टेडियमसाठी सरकारी निधी आला आणि कोणाला तरी तो सडा आवडला. आमची सरपंच मेघना हरखून गेली. गावातल्या मुली त्याच कातळावर अनवाणी खेळून तालुक्याला जिंकून आल्या होत्या. त्यांना हिरवं मैदान मिळणार म्हणून ती दिवस मोजत होती.

विरोधात उभे राहिले बाबूअण्णा, विरोधी समितीचे अध्यक्ष. वय बहात्तर, सगळी हयात बोटीच्या इंजिनरूममध्ये गेलेली. त्यांचं म्हणणं, "पाऊस सड्यात मुरतो म्हणून खालच्या दोन वाड्यांचा झरा मे महिन्यातही वाहतो. वर काँक्रीट ओतलंत की झरा आटला!"

दोघांचंही बरोबर होतं. आणि पंचाईत अशी, की मेघना ही बाबूअण्णांची सख्खी सून!

सकाळी दोघं एकाच स्कूटरवरून यायची. ती सासऱ्यांना माझ्या दुकानाशी सोडायची. अण्णा तिच्याविरुद्धचं निवेदन टाइप करून घ्यायचे आणि चालत ग्रामपंचायतीत जाऊन तिच्याच हातात द्यायचे. ती सही-शिक्का मारून पोच द्यायची आणि हळूच विचारायची, "अण्णा, बीपीची गोळी घेतलीत ना?"

*

एकदा माझ्या हातून घोटाळा झाला. एकाच दिवशी दोन्ही बाजूंची निवेदनं होती आणि मी पाकिटांची अदलाबदल केली! अण्णांनी न बघता सही ठोकली, मेघनानेही. दोन्ही कागद जिल्ह्याच्या ऑफिसात पोचले. तिथल्या फाइलीत विरोधी समितीचे अध्यक्ष स्टेडियम तातडीने मागत होते आणि सरपंच म्हणत होत्या, आमचा याला तीव्र विरोध आहे!

मला कळलं तेव्हा दुकान तसंच उघडं टाकलं. मेघनाकडे धावत गेले, "अगो, माझी चूक झाली, मी आजच पत्र लिहून देते."

ती पोट धरून हसत सुटली. "राहू दे हो वहिनी चार दिवस! लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच अण्णा माझ्या बाजूने बोललेत!"

*

स्टेडियमचं काम ज्यांच्याकडे आलं ते चौगुले साहेब मूळचे कोल्हापूरचे. तरणेबांड इंजिनिअर, फुटबॉल म्हणजे जीव की प्राण. बदली होऊन आले आणि तिसऱ्याच दिवशी त्यांच्या टेबलावर अण्णांचं निवेदन पडलं. वर ठळक अक्षरात मथळा होता, 'आमचा सडा वाचवा!'

साहेब बिचारे चक्रावले. त्यांच्याकडे सडा म्हणजे दारात शेणपाण्याचा घालतात तो. या लोकांना स्टेडियमपासून सडा वाचवायचाय म्हणजे काय? पण माणूस कर्तव्यदक्ष. त्यांनी रीतसर लेखी उत्तर पाठवलं.

अण्णांनी ते माझ्या दुकानात मोठ्याने वाचलं. "प्रस्तावित स्टेडियममुळे कोणाही ग्रामस्थाच्या दारातील सडा-रांगोळीस अडथळा येणार नाही, याची हमी देण्यात येत आहे."

अण्णांनी चष्मा पुसून तो कागद पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाले, "वहिनी, याच्या दोन कॉपी काढ. एक मी फ्रेम करणार!"

*

मग आली जनसुनावणी. शाळेच्या हॉलमध्ये पडदा लावला होता. मुंबईहून आलेल्या आर्किटेक्टने कॉम्प्युटरवर काढलेलं स्टेडियमचं चित्र दाखवलं. काय ते चित्र! हिरवंगार मैदान, झाडं, कारंजं आणि फुटपाथवरून कुत्रा घेऊन चाललेली एक गोरी बाई.

खालच्या वाडीतली पारूकाकी उठली. पंचाहत्तरीची, काठी टेकत पार पडद्यापाशी गेली. बोट ठेवून म्हणाली, "ही बाय कोण?"

आर्किटेक्ट म्हणाला, "आजी, ती अशीच दाखवलीय. प्रातिनिधिक."

"कोणाकडे उतरलीय?"

"अहो, खरी नाहीये ती."

"खरी नाय ना? मंग तिचं बरं हाय," काकी म्हणाली, "तिला पाणी लागायचं नाय. आम्ही खरी माणसं हाव!"

हॉलमध्ये हशा झाला. मेघना मात्र मान खाली घालून काहीतरी लिहीत होती. नंतर मी तिची वही बघितली. पानावर फक्त 'पाणी' लिहिलेलं होतं, चार वेळा.

*

आमचे मुंबईकर म्हणजे आणखी एक प्रकरण. गावच्या मुंबई मंडळाचे अध्यक्ष व्हिडिओ कॉलवरून सभेत यायचे. "मंडळाचा स्टेडियमला शंभर टक्के पाठिंबा आहे! विकासासाठी त्याग करावाच लागतो!" सगळे टाळ्या वाजवायचे.

एका सभेत चौगुले साहेब उत्साहात म्हणाले, "लई भारी! सड्याला जायचा रस्ता तुमच्याच आंब्याच्या बागेतनं काढायचाय की वो! संमतीपत्र कधी देताय?"

स्क्रीनवर अध्यक्षांचं तोंड उघडंच राहिलं. पाच सेकंद, दहा सेकंद. आम्हाला वाटलं नेटवर्क गेलं. पण त्यांच्या मागचा पंखा मात्र गरागरा फिरत होता!

*

अण्णांना फुटबॉल आवडत नाही असा तुमचा समज झाला असेल, तर आखणीच्या दिवशी तुम्ही तिथे हवे होतात. चौगुले साहेब माणसं घेऊन सड्यावर खुंट्या ठोकायला आले. अण्णांनी समितीचे चाळीस लोक जमवले. "आडवं पडायचं, खुंटी ठोकू द्यायची नाही!" असं ठरलं. मीही गेले होते, फोटो काढायला.

घोषणा देत सगळे वर पोचले. अण्णा सगळ्यात पुढे. त्यांनी खुंट्यांकडे बघितलं आणि जागीच थांबले.

"गोलपोस्ट कुठे?"

साहेबांनी दोन टोकं दाखवली.

"पूर्व-पश्चिम?" अण्णा कडाडले. "संध्याकाळच्या मॅचला गोलकीपरच्या डोळ्यात ऊन जाईल! बोटीवर होतो तेव्हा प्रत्येक बंदरात मैदानं बघितलीत मी. उत्तर-दक्षिण करा!"

साहेबांनी कपाळावर हात मारला. "आयला, खरंच की!"

मागून लोक ओरडत होते, "रद्द करा, रद्द करा!" अण्णा वळून खेकसले, "थांबा रे जरा, आधी दिशा नीट करू द्या!" आणि हा विरोधी समितीचा अध्यक्ष टेपचं एक टोक हातात धरून तासभर उन्हात राबला. सगळं मैदान फिरवून घेतलं. कॉर्नरच्या खुंट्या स्वतः तपासल्या. मग घाम पुसला, समाधानाने एकदा सगळीकडे बघितलं, खुंट्यांच्या मधोमध जाऊन अण्णा आडवे झाले आणि म्हणाले,

"हां, आता द्या घोषणा!"

*

शिष्टमंडळ जिल्ह्याच्या ऑफिसात गेलं तो किस्सा छोटा आहे. तिथले अधिकारी फार सभ्य होते. म्हणाले, "तुमचं पटतंय मला. पण हा निधी क्रीडा हेडखालचा आहे. तो स्टेडियमवरच खर्च करता येतो, झऱ्यासाठी वापरता येत नाही."

पारूकाकी लगेच म्हणाली, "मंग झऱ्याचं नाव स्टेडियम ठेवा!"

अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं आणि सगळ्यांसाठी चहा मागवला.

*

आता शेवटचा सांगते. हा मी नेहमी राखून ठेवते.

वाद पुरता अडला होता. त्यातून वाट काढली चौगुले साहेबांनी. हायस्कूलच्या मागे जुनी चिरेखाण आहे. चिरे काढून काढून तिथे भला मोठा चौकोनी खड्डा झालाय, तळ सपाट आणि बाजूंना कापलेल्या दगडाच्या पायऱ्या. साहेब तिथे सहज गेले आणि ओरडलेच, "अहो, गॅलरी तयारच हाय की! नुसता पावसाच्या पाण्याला चर काढला की झालं!"

अण्णा लगेच तयार. पण मेघना तयार होईना. जागा बदलायची म्हणजे सगळे कागद नव्याने करायचे आणि तोवर निधी परत गेला तर? "मग माझ्या पोरींनी काय करायचं?" असं ती ज्याला त्याला विचारायची.

शेवटी तिनेच पैज लावली. "अण्णा, रविवारी सड्यावर मॅच. आम्ही जिंकलो तर तुम्ही हरकत मागे घ्यायची. तुम्ही जिंकलात तर चिरेखाणीचा ठराव मी स्वतः मांडते."

सगळा गाव सड्यावर लोटला. समर्थकांच्या गोलमध्ये सरपंच स्वतः, कमरेला ओढणी घट्ट बांधून. कॉलेजात हँडबॉल खेळलेली बाई, एकही बॉल सोडेना! विरोधकांचे कॅप्टन अण्णा. धावायला जमत नव्हतं म्हणून मधोमध उभे राहून नुसते हातवारे करत होते. रेफरी चौगुले साहेब. करवंदीच्या जाळीत जाऊन तीन बॉल फुटले. चौथ्यावर मॅच चालू होती आणि गोल एकाचाही नाही.

अगदी शेवटच्या मिनिटाला समर्थकांच्या एकाचा हात बॉलला लागला. शिट्टी वाजली. पेनल्टी!

अण्णा म्हणाले, "मी मारणार."

कोणी विरोध केला नाही. त्यांनी बॉल ठेवला, चपला काढल्या, तीन पावलं मागे गेले. समोर मेघना.

"मेघना," अण्णा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मी तुझ्या उजव्या हाताला मारणार हां."

"बरं," ती म्हणाली.

अण्णांनी मारला. उजवीकडेच! आणि इतका हळू, की पारूकाकीनेही काठीने अडवला असता. मेघनाने अंग झोकून दिलं ते डावीकडे. पार कातळावर घासत गेली. बॉल लोळत लोळत आत गेला आणि खालच्या वाड्यांनी जो आरडाओरडा केला तो समुद्रापर्यंत पोचला असेल!

पुढच्याच ग्रामसभेत तिने ठराव मांडला. कागदांसाठी तिने आणि अण्णांनी मिळून जिल्ह्याला इतक्या खेपा घातल्या की कंडक्टर त्यांना नावाने ओळखायला लागला. निधी परत गेला नाही. आज पोरी चिरेखाणीत खेळतात आणि झरा वाहतोय.

पण तुम्हाला सांगायचं ते वेगळंच. मॅच संपल्यावर मी मेघनाच्या सोललेल्या कोपराला हळद लावत होते. अण्णा आले आणि समोर उभे राहिले.

"काय गो, मी उजवीकडे मारतो म्हणून सांगितलं होतं ना? मग तू डावीकडे कशी गेलीस?"

मेघनाने कोपरावर फुंकर मारली.

"अण्णा, लग्नाला अकरा वर्षं झाली. तुम्ही सांगितलेलं मी कधी ऐकलंय?"